गुळवेल, तालीमखाना आणि उंदराचे यकृत

कार्बन टेट्राक्लोराइड हा बिनरंगाचा, गोडसर वासाचा द्रव आहे. एके काळी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तेलकट डाग काढायला आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांत तो सर्रास वापरला जाई. त्याची वाफ श्वासावाटे शरीरात गेली की यकृत आणि मूत्रपिंडे बिघडतात हे लक्षात आल्यावर तो घरगुती वापरातून हद्दपार झाला. पुढे ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल कराराने त्याच्या उत्पादनावरही बंधने आणली. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेतले त्याचे स्थान मात्र अजून टिकून आहे. एखादी वनस्पती यकृताचे विषापासून रक्षण करते का, हे तपासायचे झाले की गेली कित्येक दशके संशोधकांचा हात आधी याच बाटलीकडे जातो. आधी उंदराला झाडपाल्याचा अर्क पाजायचा, मग हे विष द्यायचे आणि यकृत किती वाचले ते मोजायचे, अशी ही पद्धत. भारतीय विद्यापीठांत या साच्याचे प्रयोग इतके झाले आहेत की परसातली क्वचितच एखादी औषधी वनस्पती त्यातून सुटली असेल.

हा द्रव आहे त्या रूपात तितकासा विखारी नाही. त्याचे खरे विष यकृतातच तयार होते. यकृताच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० या घराण्यातली एन्झाइमे असतात. बाहेरून आलेल्या रसायनांची मोडतोड करून ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करणे हे त्यांचे काम. त्यांपैकी सीवायपी२ई१ हे एन्झाइम कार्बन टेट्राक्लोराइडच्या रेणूतला एक क्लोरीन तोडते आणि मागे ट्रायक्लोरोमिथाइल हा अत्यंत अस्थिर असा फ्री रॅडिकल उरतो. तो पेशीच्या पटलातल्या स्निग्धाम्लांवर तुटून पडतो आणि ऑक्सिजनशी जोडला गेला की आणखी जहाल होतो. एका रेणूची होरपळ शेजारच्या रेणूला लागत जाते. पटल फाटते, पेशीतली एन्झाइमे रक्तात सांडतात आणि एरवी यकृतातून बाहेर जाणारी चरबी तिथेच साचून राहते. सीवायपी२ई१ हे यकृताच्या प्रत्येक खंडिकेत मधल्या शिरेभोवती सर्वांत जास्त असते, त्यामुळे पेशीही तिथेच सर्वांत आधी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या शिरेभोवती मृत पेशींचे कडे दिसते.

प्रयोगाची मांडणी साधी असते. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, प्रत्येक गटात बहुधा सहा. पहिल्या गटाला नुसते पाणी किंवा तेल. दुसऱ्याला नुसते विष, तेही लिक्विड पॅराफिनमध्ये किंवा खाद्यतेलात मिसळून. तिसऱ्याला अर्क आणि विष. चौथ्याला सिलिमरिन आणि विष. सिलिमरिन हे युरोपातल्या मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांतून मिळते. यकृतरक्षणाच्या बाबतीत त्याला मापदंड मानतात. त्यातल्याच सिलिबिनिन या घटकाची सलाइनवाटे द्यायची औषधे युरोपात जीवघेण्या अळंब्यांच्या विषबाधेत वापरली जातात. अर्क बहुधा आठवडा-दोन आठवडे रोज पाजतात, टोकाला गोल मणी असलेली वाकडी सुई थेट अन्ननलिकेत उतरवून. विष दिल्यावर एक-दोन दिवसांनी रक्त काढतात, मग यकृत. निरोगी उंदराचे यकृत गडद तपकिरी आणि गुळगुळीत असते. विष घेतलेल्याचे फिकट, पिवळट, कधी ठिपकेदार दिसते. त्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, उरलेला भाग कुटून त्यातले ग्लुटाथायोन आणि चरबीच्या होरपळीची खूण असलेले मॅलॉनडायआल्डिहाइड मोजतात.

रक्तात जे तपासतात ते वाचकांच्याही ओळखीचे आहे. कावीळ झाल्यावर डॉक्टर जी ‘एलएफटी’ करायला सांगतात, तीच ही तपासणी: एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन. समजा, निरोगी गटाची सरासरी एसजीपीटी ४० आली, नुसत्या विषाच्या गटाची २४० आणि अर्क घेतलेल्या गटाची १००. विषाने आकडा २०० ने चढवला होता, अर्काने त्यातला १४० चा चढ रोखला. म्हणून ‘७० टक्के संरक्षण’. वर्तमानपत्रात ‘अमुक पाला यकृतावर गुणकारी’ असे छापून येते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा असाच एखादा भागाकार असतो.

या कामात मुंबई आणि ठाणे पट्ट्याचा वाटा मोठा आहे. परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल हाती घेतली. मराठी वाचक डहाणूकरांना ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ओळखतात. औषधशास्त्राच्या वर्तुळात त्यांचे नाव गुळवेलीशी जोडलेले आहे. कार्बन टेट्राक्लोराइडपासून गुळवेल उंदराच्या यकृताचे रक्षण करते, हा निष्कर्ष निर्मला रेगे, डहाणूकर आणि करंदीकर यांनी १९८४ मध्ये ‘इंडियन ड्रग्ज’ या नियतकालिकात मांडला. १९९५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आर. टी. साने आणि सहकाऱ्यांचा भुईआवळ्यावरचा प्रयोग आला, विष तेच. भुईआवळा या नावाखाली एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती बाजारात येतात, म्हणून त्यांनी फायलँथस अमारस आणि फायलँथस डेबिलिस या दोन जाती वेगवेगळ्या तपासल्या.

ठाण्यापलीकडच्या वाचकाला जवळचा वाटेल असा प्रयोग तालीमखान्याचा आहे. माटुंग्याच्या रुईया आणि कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयाशी संबंधित संशोधकांनी तो केला आणि २००५ मध्ये तो ‘इंडियन जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. तालीमखाना म्हणजे कोळसुंदा, संस्कृतातला कोकिलाक्ष. पावसाळी डबक्यांच्या आणि भातखाचरांच्या काठाला तो माजतो. दर पेऱ्याला पानांचे कडे, त्यात सहा लांब पिवळे काटे आणि निळसर जांभळी फुले. बी पाण्यात टाकले की बुळबुळीत होते. पौष्टिक म्हणून दुकानात विकले जाते ते हेच. ठाण्यापलीकडचा दिवा, दातिवली, आगासन, बेतवडे हा सगळा भाग इमारती उठण्याआधी भातशेतीचा आणि खाजणाचा होता. कल्याणच्या प्रयोगशाळेला अशी पाणथळ वनस्पती अभ्यासाला घ्यावीशी वाटली, यात नवल नाही.

शब्द ‘संरक्षण’ असाच वापरला जातो, ‘उपचार’ असा नाही, आणि तो नीट वाचला पाहिजे. या प्रयोगांत अर्क बहुधा विषाच्या आधी दिलेला असतो. विष यकृतात तयार होते ते सीवायपी२ई१ मुळे. एखाद्या अर्काने नुसते हे एन्झाइम मंद केले, तरी विष बनतच नाही आणि यकृत ठणठणीत राहते. अर्काने जखम भरून काढली, असा त्याचा अर्थ होत नाही. हे एन्झाइम बंद पाडणारे कुठलेही रसायन त्या मांडणीत ‘यकृतरक्षक’ ठरेल. म्हणून चांगल्या प्रयोगात आणखी एक गट असतो, ज्याला विष आधी आणि अर्क नंतर मिळतो. छापून येणाऱ्या निबंधांत तो फार कमी दिसतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायने हाताळणाऱ्या कामगाराला अपघाताच्या आदल्या पंधरवड्यात काढा पाजून ठेवणे कोणाला शक्य नाही. त्याच्या दृष्टीने विचारण्यासारखा प्रश्न नंतरच्या गटाचाच आहे.

पॅरासिटामॉलचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण त्याचेही विष यकृतातच बनते. प्रमाणाबाहेर घेतलेल्या गोळ्यांतून एनएपीक्यूआय नावाचा पदार्थ तयार होतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला गिळून टाकते. ग्लुटाथायोन संपले की पेशी मरू लागतात. एन-असिटिलसिस्टीन हे औषध ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरते, आणि गोळ्या घेतल्यावर काही तासांनी दिले तरी रुग्ण वाचतो. रुग्णालयात त्याला स्थान मिळाले ते या ‘नंतर’मुळे. पॅरासिटामॉलनेच प्राण्यांच्या निवडीबाबतही एक धडा दिला आहे. त्याला मोठा उंदीर फारशी दाद देत नाही, पांढरा छोटा उंदीर मात्र माणसासारखा बळी पडतो. चुकीचा प्राणी निवडला तर प्राण्याच्या काटकपणाचे श्रेय अर्काला देण्याची पाळी येते.

मात्रेचा हिशोबही असाच वाचकांच्या नजरेतून निसटतो. उंदराला दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम, असे गणित बसत नाही. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असल्याने औषधशास्त्रात शरीराच्या पृष्ठभागाच्या आधाराने मात्रा बदलतात. उंदराची मात्रा सुमारे ६.२ ने भागली की माणसाची येते. २०० चे झाले ३२, आणि ६० किलोला साधारण १.९ ग्रॅम अर्क. वाळलेल्या वनस्पतीच्या वजनाचा दहावा हिस्सा अर्क निघतो असे धरले, तर रोज जवळजवळ १९ ग्रॅम वाळका पाला झाला. गुळवेलीच्या एखाद्या गोळीत त्याच्या मानाने किती माल असतो, हे पाकिटावरचा आकडा पाहून कोणालाही ताडता येईल. उलट दिशेनेही धोका आहेच. प्रयोगशाळेतला अर्क मोजून-मापून केलेला असतो, घरचा काढा मुठीने होतो.

त्यातही मूठ कशाची, हा प्रश्न आहे. वनस्पतीतले रासायनिक घटक ऋतूनुसार, मातीनुसार, वयानुसार बदलतात. गुळवेल कडुनिंबावर चढलेली असेल तर अधिक गुणाची, हा वैद्यांचा आग्रह त्यामुळेच अगदीच दुर्लक्ष करण्याजोगा नाही. रुईयासारख्या प्रयोगशाळांनी एचपीटीएलसी या तंत्राने अर्कांचे ‘ठसे’ घ्यायला सुरुवात केली ती यासाठी. काचेच्या पट्टीवर अर्काचा थेंब वर चढतो, त्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर पट्टे उमटवतात आणि पुढच्या खेपेचा माल त्याच्याशी पडताळता येतो. असा ठसा न घेता केलेला उंदरावरचा प्रयोग पुन्हा करून पाहणे जवळपास अशक्य असते, कारण दुसऱ्या गावच्या पाल्यात काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. आणखी एक उणीव म्हणजे ज्या अर्काने काहीच केले नाही तो बहुधा छापला जात नाही. वाचकाला दिसते ती फक्त जिंकलेल्या अर्कांची यादी.

उंदरावरून माणसावर जाण्याचे प्रामाणिक प्रयत्नही मुंबईत झाले. केईएममध्ये गुळवेल पित्तनलिका अडून होणाऱ्या काविळीत वापरून पाहिली गेली. या काविळीत शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावतात ते मुख्यतः जंतुसंसर्गाने, कारण यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे रक्तातले जंतू गिळणारे पहारेकरी, ढिले पडतात. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांत गुळवेलीने ही रोगप्रतिकारशक्ती सावरते, असे आधी दिसले होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना गुळवेलीची जोड दिलेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर ९२.४ टक्के रुग्ण जगले, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ४० टक्के. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण तीस रुग्ण म्हणजे दोन छोटे वॉर्डसुद्धा नाहीत. इतक्या लहान संख्येत दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले की टक्केवारी पार बदलते. कुटकी या वनस्पतीवर अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९६ चा. त्यात गॅलॅक्टोसामाइन या दुसऱ्या विषाने यकृत बिघडवलेल्या उंदरांवरचा प्रयोग आणि विषाणूजन्य काविळीच्या ३३ रुग्णांवरची, कोणाला औषध आणि कोणाला खोटे चूर्ण हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही न सांगता केलेली चाचणी, असे दोन्ही होते. बिलिरुबिन २.५ पर्यंत उतरायला कुटकीच्या गटाला सरासरी २७ दिवस लागले, खोट्या चूर्णाच्या गटाला सुमारे ७६. प्राणी आणि माणूस एकाच निबंधात मांडण्याची ही रीत दुर्मीळ आहे आणि अनुकरणीय आहे.

भुईआवळ्याची वाट वेगळी गेली. मद्रासच्या थ्यागराजन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की हेपटायटिस बी चा विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून त्याची खूण नाहीशी झाली, खोट्या औषधाच्या २३ पैकी फक्त एकाची. जगभर खळबळ उडाली. थायलंड आणि न्यूझीलंडमधल्या चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही. मूळ चाचणीचा दावा आज कोणी पाठ्यपुस्तकात सांगत नाही, पण ‘काविळीवर भुईआवळा’ ही म्हण त्यापूर्वीचीही होती आणि नंतरही आहे. ती टिकण्याचे एक साधे कारण आहे. दूषित पाण्यातून पसरणारी हेपटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपसूक ओसरते. टँकर आणि बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या दिव्यासारख्या वस्तीत पावसाळ्यात कावीळ झालेला माणूस भुईआवळा घेवो, एरंडाचा रस घेवो किंवा उसाचा, बरा होतो, आणि श्रेय ज्याच्या त्याच्या औषधाला जाते. बिनऔषधाचा गट घरात नसतो.

उंदराच्या प्रयोगावर विसंबण्यातला धोका सर्वांत स्पष्ट दिसला तो २०२० मध्ये, आणि तोही गुळवेलीतच. कोरोनाच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून घरोघर तिचे काढे उकळले. कुंपणावरच्या वेली तोडून नेल्या गेल्या, घनवटीच्या डब्या संपल्या. मुंबईतल्या यकृततज्ज्ञ आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात सहा रुग्ण पाहिले. यकृताला सूज होती, कावीळ होती, आणि सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्यांचा निबंध जुलै २०२१ मध्ये आला. आयुष मंत्रालयाने हा दोषारोप दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले. गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल घेतली गेली असावी, असेही म्हटले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्यात आढळलेली सूज बहुतांशी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी, म्हणजे ऑटोइम्यून हेपटायटिससारखी होती.

केईएमचे निष्कर्ष आणि या ४३ जणांचे आजार एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. उंदराच्या यकृतातले पहारेकरी जागवणारा गुणच अशा माणसाला महागात पडू शकतो ज्याची प्रतिकारशक्ती आधीच आपल्या शरीरावर उलटण्याच्या बेतात आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांत असा उंदीर बहुधा नसतोच. ते एकाच वंशाचे, एका वयाचे, एका खाद्यावर वाढलेले असतात. गुळवेल घेणाऱ्या बाईला थायरॉइडचा विकार आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि दोन महिने रोज सकाळी काढा होतो आहे, ही परिस्थिती कुठल्याच पिंजऱ्यात उभी केलेली नसते. यकृताचा आधीचा आजार किंवा ऑटोइम्यून विकार असलेल्यांनी गुळवेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि घेत असताना डोळे-लघवी पिवळी दिसली तर ती लगेच थांबवावी, इतके तरी या नोंदींवरून म्हणता येते.

या प्रयोगांत मरणाऱ्या उंदरांचा हिशोबही कायद्याने ठेवला जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिशास्त्र समिती असावी लागते आणि तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग सुरू होत नाही. प्राणी वापरायचाच तर कमीत कमी आणि कमीत कमी वेदना देऊन, आणि शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे काही, हे तत्त्व रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडले. सहा-सहांचे गट याच काटकसरीतून येतात, पण फारच लहान गटातून निष्कर्ष निघाला नाही तर तेवढे उंदीरही फुकट जातात.

प्राण्याऐवजी पेशी वापरण्याचा पर्याय यकृताच्या बाबतीत अर्धाच चालतो. बहुतेक प्रयोगशाळा वापरतात ती हेपजी२ ही माणसाच्या यकृतातल्या गाठीपासून वाढवलेली पेशींची मालिका. तिच्यात सीवायपी२ई१ जवळजवळ नसते, म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड तिच्यावर ओतले तरी त्यातून खरे विष बनत नाही. हे एन्झाइम मुद्दाम घातलेल्या पेशी आता मिळतात, आणि ताज्या यकृताच्या पातळ चकत्या काही काळ जिवंत ठेवूनही काम करता येते. अर्कांची पहिली चाळणी अशा बशीत करायची आणि उरलेल्या एक-दोन अर्कांसाठीच उंदीर घ्यायचा, अशी रीत हळूहळू रुळते आहे. आतड्यातून अर्काचा किती भाग शोषला जातो, हे मात्र यकृतपेशींच्या बशीत कळत नाही. त्यासाठी सध्या तरी बहुधा उंदीरच लागतो.